वाटाड्याला कोणी विचारले नाही

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी देवकूट नावाच्या नगरात महीपाल राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्यात बोधिसत्त्व डोंगरातल्या वाटाड्यांच्या कुळात जन्मला. आईबापांनी त्याचे नाव भद्रिल ठेवले.

देवकूटच्या उत्तरेला डोंगरांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या पलीकडे एक उघडे, कोरडे पठार होते. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी बाजार भरे. देवकूटचे व्यापारी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर गूळ, तांदूळ आणि कापड लादून नेत, आणि येताना मीठ आणि लोकर आणत. मध्ये एक खिंड होती. ती वर्षातला थोडाच काळ उघडी असे. एकदा बर्फ पडू लागले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिकडून कोल्हासुद्धा जात नसे.

ती वाट आधी देवदाराच्या रानातून जाई. रान संपले की भूर्जाची वाकडी झाडे लागत, त्यांच्या वर गुडघ्याएवढी धुपाची झुडपे, आणि त्यांच्याही वर नुसता दगड, बर्फ आणि वारा. तिथली हवा इतकी विरळ होती की चालता चालता बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबे आणि आपण काय सांगत होतो ते विसरे. तिथे कोणाकोणाला जड होई. 'जड होणे' हा वाटाड्यांचा शब्द. डोके ठणकू लागे, अन्न नकोसे होई, दारू प्यायल्यासारखी पावले पडत. जड झालेला माणूस वेळीच खाली उतरला तर बरा होई. हट्टाने वर गेला तर खिंडीतच राही.

म्हणून बोधिसत्त्वाच्या पणजोबांनी एक रीत घातली होती. प्रत्येक मुक्कामावरून निघताना वाटाड्याने काठी दगडावर आपटायची आणि विचारायचे, "डोकं कसं?" मग प्रत्येकाने आपापले सांगायचे, हलकं किंवा जड. दुसऱ्याचे डोके जड आहे असे कोणी म्हणायचे नाही. कारण एका लबाड व्यापाऱ्याने पूर्वी वाटाड्याला फितवून आपल्या स्पर्धकाला असेच खाली पाठवले होते. ज्याचे डोके त्यानेच सांगायचे. ज्याने जड म्हटले त्याने खाली उतरायचे, पण एकट्याने नाही. सोबत एक माणूस हवाच. आणि स्वतः वाटाड्याच जड झाला तर त्याने काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची. ती पुन्हा त्याच्या हाती येत नसे.

पुढे तांडे मोठे होत गेले. थंडीत एकेकाचे ऐकत उभे राहणे लोकांना जिवावर येई. मग सगळे एकदम उत्तर देऊ लागले. सगळ्यांनी मिळून "हलकं!" असे ओरडले की अंगात ऊब येई, शेळ्या दचकून चालू लागत, कड्यावरून आवाज परत येई. हळूहळू तो जयघोष झाला. देवकूटच्या गल्ल्यांत मुले खेळताना "डोकं कसं? हलकं!" असे ओरडत. बोधिसत्त्व जाणता झाल्यापासून त्याने "जड" हे उत्तर एकदाही ऐकले नव्हते. ज्यांना उतरावे लागे ते पाय मुरगळला म्हणत, शेळी चुकली म्हणत. काहीजण काहीच म्हणत नसत. त्यांच्या नावाने खिंडीखाली दगडांच्या राशी रचलेल्या होत्या.

बोधिसत्त्व कुशल वाटाड्या होता. त्याने नेलेला तांडा कधी अर्ध्यातून परतला नव्हता. लोक त्याच्यामागे तसे बोलत. तो ऐकले नाही असे दाखवी. पण ऐकत असे.

एका वर्षी शंखदत्त नावाच्या व्यापाऱ्याचा तांडा घेऊन तो निघाला. शंखदत्ताबरोबर त्याचा जावई उत्पल होता. उत्पल गरीब घरचा होता आणि सासऱ्याच्या घरीच राहत होता. घरजावयाला लोक काय म्हणतात ते त्याला ठाऊक होते. जेवताना दुसऱ्यांदा भात मागायला तो संकोचत असे. यंदा सासऱ्याने त्याला पहिल्यांदाच कामावर नेले होते. निघताना त्याची बायको दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमचे हे खिंडीपलीकडे चाललेत." उत्पलने खाली मान घालून ते ऐकले आणि मनाशी ठरवले की काही झाले तरी परत फिरायचे नाही.

तांड्यात पिप्पली नावाची एक ओझेवाली होती. पाठीवर गुळाच्या ढेपा असत आणि जीभ मोकळी असे.

पहिल्या चढावर ती उत्पलला म्हणाली, "काय जावईबापू, गादीवरून डोंगर लहान दिसत होता ना?"

"दिसत होता खरा," उत्पल हसून म्हणाला. "आण, तुझं थोडं ओझं घेतो."

"नको रे बाबा! जावयाच्या पाठीला ढेप लावली तर शेटजी मला मिठाच्या बदल्यात विकून येतील."

शंखदत्तही हसला. "सावकाश चला, जावईबापू," तो म्हणाला. त्याचे बोलणे गोड होते. पण तो जावयाच्या पावलांकडे पाहत होता. माणूस किती पाण्यात आहे ते त्याला पाहायचे होते.

तांड्याच्या मागच्या टोकाला बोधिसत्त्वाचा पुतण्या कुंभक चाले. तो तरणाबांड होता आणि काकांनंतर काठी आपल्याकडे येणार हे त्याला माहीत होते. कोणी दम खायला थांबले की तो मागून म्हणे, "बसा, बसा. खिंड आपल्याकडे चालत येईल."

भूर्जाच्या रानापर्यंत सगळे ठीक होते. धुपाच्या झुडपांपाशी मुक्काम पडला. सकाळी बोधिसत्त्व उठला तेव्हा त्याच्या कपाळात एक बारीक ठणका होता. असे त्याला पूर्वी कधी झाले नव्हते. त्याने बर्फाचे पाणी तोंडावर मारले. ठणका गेला नाही. 'वय झाले,' असे त्याने मनाशी म्हटले आणि पुढे विचार केला नाही.

तो शेळ्या पाहायला मोठ्या दगडामागे गेला. तिथे उत्पल ओणवा बसून ओकत होता. शेजारी सातूच्या पिठाचा वाडगा उपडा पडला होता. पावलांचा आवाज ऐकून उत्पल चटकन उठला आणि जोड्याचा बंद बांधू लागला. त्याची बोटे बंदाभोवती फिरत राहिली. गाठ काही बसेना.

बोधिसत्त्वाने विचारले, "बरं नाही का?"

"झोप झाली नाही, दादा. दुसरं काही नाही."

"डोकं?"

"हलकं आहे."

उत्पलचे ओठ निळसर होते. तो खोटे बोलत होता आणि बोधिसत्त्वाला ते कळले. पण ते ऐकून त्याला बरे वाटले. उत्पलला जड झाले नसेल तर आपल्यालाही झाले नसेल, असे त्याला वाटले. त्याने खाली वाकून उत्पलच्या जोड्याची गाठ मारून दिली आणि म्हणाला, "चल तर मग."

त्याने काठी आपटली. "डोकं कसं?"

"हलकं!" तांडा ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज उत्पलचा होता.

त्या दिवशी ते हिमनदीच्या कडेने दगडगोट्यांचा लांब उतार चढले. प्रत्येक पावलाला पायाखालचे खडे निसटत. बोधिसत्त्व पुढे होता आणि एकसारखा मागे वळून पाहत होता. उत्पल आधी तांड्याच्या मधोमध चालत होता, मग शेळ्यांच्या मागे पडला, मग पिप्पलीच्याही मागे. दुपारी तो एका दगडावर बसला आणि उगाच हसू लागला.

पिप्पलीने विचारले, "काय झालं हसायला?"

"आठवत नाही," तो म्हणाला.

तिने पुन्हा त्याची थट्टा केली नाही. ती त्याच्या मागे मागे चालू लागली.

शंखदत्तानेही ते पाहिले. तो बोधिसत्त्वाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जावई जरा दमलेत. पण माणूस जिद्दीचा आहे. नाही का?"

"शेटजी, तुम्ही त्यांना विचारा ना," बोधिसत्त्व म्हणाला. "तुम्ही उतरा म्हणालात तर ते ऐकतील."

"मी कसं म्हणू? घरात बसवून ठेवतो म्हणून आधीच बोलतात त्यांना. आणि रीत तुमचीच आहे, ज्याचं डोकं त्यानं सांगायचं." एवढे बोलून शंखदत्त आपल्या शेळ्यांकडे गेला.

बोधिसत्त्व चालत राहिला. कपाळातला ठणका आता डोळ्यांमागे उतरला होता. समोर कड्यावर ऊन पडले होते आणि बर्फ डोळ्यांना बोचत होते. त्याच्या मनात आले, शेटजी रीतीमागे लपले. मीही तेच करतो आहे. मी रोज विचारतो. पण असे विचारतो की एकच उत्तर देता यावे. मग त्याच्या मनात आले की त्या रीतीत विचारणाऱ्याला कोणी विचारत नाही. आजपर्यंत ही गोष्ट त्याला सोयीची वाटली होती. आता तिची त्याला इतकी लाज वाटली की मागे वळून पाहणे त्याला जमेना.

खिंडीच्या खाली शेवटचा सपाट तुकडा होता. रात्रीचा मुक्काम तिथे पडला. तिथून वर एकच चढ उरे. पण तो उभा होता, आणि पलीकडे उतरायची वाट त्याहून लांब होती. तिथून वर गेलेल्या जड माणसाला खाली आणण्याची सोय नव्हती. सकाळी निघताना सगळे तिथे एकमेकांना खेटून उभे राहिले. वाऱ्याने शेळ्यांचे केस उलटे होत होते. खिंडीच्या वर पांढरे ढग जमू लागले होते.

कुंभक म्हणाला, "काका, लवकर विचारा. उद्या इथे बर्फ असेल."

बोधिसत्त्वाने काठी आपटली. "डोकं कसं?"

"हलकं!"

कड्यावरून आवाज परत आला. तो विरल्यावर मागून एकट्या उत्पलचा आवाज आला, "हलकं." त्याला प्रश्न कळायलाच उशीर झाला होता. दोघेतिघे हसले. उत्पलही त्यांच्याबरोबर हसला आणि तोल जाऊन पिप्पलीच्या खांद्याला धरून उभा राहिला.

तांडा चालू लागणार, तेवढ्यात बोधिसत्त्व म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही."

कुंभकाला वाटले काका थट्टा करताहेत. "बरं, काका. डोकं कसं?"

"जड."

सगळे जागीच थांबले. तो शब्द त्यांनी गोष्टींत ऐकला होता. माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"असं काय करता?" कुंभक पुटपुटला. "लोक बघताहेत."

"काल सकाळपासून जड आहे. आता डोळ्यांपुढे ठिपके दिसतात. काठी घे."

"काका, काठी दिलीत तर परत मिळणार नाही."

"ठाऊक आहे. घे."

शंखदत्त पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "भद्रिल, खिंड समोर दिसतेय! अख्खा तांडा तुझ्या नावावर निघाला. आणि तू इथे येऊन म्हणतोस..."

"कुंभक तुम्हाला नेईल, शेटजी. वाट त्याला माझ्याइतकीच माहीत आहे. माल वेळेत पोहोचेल. मी उतरतो."

त्याने काठी कुंभकाच्या हातात दिली. काठी गेल्यावर हातांचे काय करावे ते त्याला कळेना. ज्या माणसांना तो वर्षानुवर्षे या वाटेने नेत होता, ती आता त्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या जोड्यांकडे पाहत होती. एवढ्या थंड वाऱ्यात त्याचे कान तापले. कोणीतरी मागे म्हणाले, "म्हातारा झाला." ते त्याने ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले नाही.

"झालोय," तो म्हणाला. "पण एकट्यानं उतरायचं नाही अशी रीत आहे. मला सोबत लागेल. आणखी कोणाचं जड असेल तर त्यानं यावं. नसेल तर मी इथे बसतो. कोणी येईपर्यंत बसतो."

आणि तो खरोखरच दगडावर बसला. त्याने उत्पलकडे पाहिले नाही. पाहिले असते तर ते बोट दाखवल्यासारखे झाले असते.

वारा वाहत राहिला. शेळ्या पाय बदलत राहिल्या. कुंभक काठी हातात घेऊन उभा होता. पण ती आपटायचे धैर्य त्याला होत नव्हते. शेवटी उत्पल पिप्पलीचा खांदा सोडून पुढे आला. त्याने सासऱ्याकडे पाहिले. सासऱ्याला तो मामा म्हणत असे.

"मामा, माझंही जड आहे," तो म्हणाला. "कालपासून. मी खोटं ओरडत होतो." मग तो रडू लागला.

लोकांसमोर जावई रडतो आहे याचा शंखदत्ताला आधी राग आला. मग त्याला आठवले की कालपासून जावयाने काही खाल्लेले नाही, हे आपण पाहिले होते. पाहून आपण आपल्या शेळ्यांकडे गेलो होतो. त्याने उत्पलच्या पाठीवरचे गाठोडे सोडले आणि स्वतःच्या पाठीवर घेतले.

"कुंभक, माल तू घेऊन जा," तो म्हणाला. "मी जावईबापूंबरोबर उतरतो."

"तुमचं डोकं जड आहे का?" कुंभकाने विचारले. आता त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"डोकं नाही," शंखदत्त म्हणाला.

पिप्पलीने आपल्या ढेपा खाली ठेवल्या. "माझंही जरा ठणकतंय. मघापासून सांगू की नको करत होते. या तिघांत धड चालणारं एकही माणूस नाही, मला गेलंच पाहिजे."

कोणीतरी हसले, आणि ते हसणे कोणाला टोचले नाही. कुंभकाने मग काठी आपटली नाही. तो एकेकाजवळ गेला, एकेकाचे नाव घेऊन त्याने विचारले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहिले. त्याला वेळ लागला. मग उरलेला तांडा वर चढला.

खाली येणारे चौघे दगडगोट्यांच्या उतारावरून घसरत आले. अर्ध्या वाटेवर उत्पलची शुद्ध गेली. बोधिसत्त्वाने आणि शंखदत्ताने त्याला आळीपाळीने पाठीवर घेतले. डोके ठणकत असताना पाठीवर माणूस घेणे कठीण असते. बोधिसत्त्व चार पावले टाकी आणि थांबे. पिप्पली पुढे राहून पाय ठेवायला घट्ट दगड दाखवी आणि मागे वळून उत्पलला हाका मारी, "जावईबापू, झोपू नका. घरी जाऊन गादीवर झोपा."

धुपाची झुडपे लागली तेव्हा उत्पलने डोळे उघडले. भूर्जाची झाडे लागली तेव्हा त्याने पाणी मागितले. देवदाराच्या रानात आल्यावर त्याने विचारले, "खायला काही आहे का?" ते ऐकून शंखदत्ताने तोंड फिरवले आणि डोळे पुसले.

उत्पलला चालता येऊ लागले तेव्हा त्याने बोधिसत्त्वाचे पाय धरले. "दादा, माझ्यामुळे तुमची काठी गेली."

"काठी माझ्या डोक्यामुळे गेली. मी खोटं बोललो नाही. ते खरंच जड होतं."

"पण तुम्ही ते माझ्यासाठी बोललात."

बोधिसत्त्वाने त्याला उठवून शेजारी बसवले. मग म्हणाला, "ऐक, उत्पल. दगडामागे मी तुला विचारलं आणि तू हलकं म्हणालास. ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं. आणि मला बरं वाटलं. वर काठी देताना लोकांसमोर जी लाज वाटली, ती वाऱ्यासारखी होती, आली, गेली. पण तुझ्या जोड्याची गाठ मारून मी तुला वर चल म्हणालो, त्याची लाज माझ्याजवळच राहील. ती जावी असं मला वाटतही नाही."

उत्पल त्याच्या शेजारी बसून राहिला.

तांडा पलीकडे सुखरूप पोहोचला आणि बर्फाआधी परतला. बोधिसत्त्वाच्या हाती पुन्हा काठी आली नाही. देवकूटमध्ये काही लोक त्याला 'जडभद्रिल' म्हणत. तो त्या नावाला ओ देई. पण कुंभकाच्या तांड्यांत नवी रीत पडली. विचारण्याआधी वाटाड्या स्वतःचे डोके कसे आहे ते सांगू लागला, आणि मग एकेकाचे ऐकू लागला. खिंडीखाली दगडांच्या राशी वाढायच्या थांबल्या. बोधिसत्त्व आयुष्य संपल्यावर आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे तथागताने, डोंगरातल्या एका विहारात सांगितली. तिथे उदुंबर नावाचा तरुण भिक्षू होता. संघ मिळून पाठ म्हणे तेव्हा तो नुसते ओठ हलवी, कारण त्याला पाठ येत नव्हता. सगळ्यांच्या आवाजात त्याचे मौन कोणाला कळत नसे. एकदा रेणुक नावाच्या वडीलधाऱ्या भिक्षूने ते ओळखले आणि चारचौघांत त्याची चेष्टा केली. त्यानंतर उदुंबर आणखी जोरात ओठ हलवू लागला आणि विहार सोडून जाण्याचा विचार करू लागला.

कथा संपल्यावर शास्त्याने कोणाकडे पाहिले नाही. उदुंबर उभा राहिला. त्याची मान खाली होती. "भन्ते, मला पाठ येत नाही," तो म्हणाला. "एकही ओळ नाही."

त्याचे गुरू जवळच बसले होते. तेही उभे राहिले. "भन्ते, मला हे माहीत होते," ते म्हणाले. "मी त्याला विचारले नाही."

शास्त्याने त्या दोघांना बसायला सांगितले आणि पाठाची पहिली ओळ स्वतः म्हटली. उदुंबरने ती एकट्याने, अडखळत म्हटली. सगळा संघ ऐकत होता. कोणी हसले नाही.

मग शास्त्याने जातकाची सांगड घातली. त्या वेळचा उत्पल म्हणजे आजचा हा भिक्षू उदुंबर. शंखदत्त म्हणजे त्याचे गुरू. कुंभक म्हणजे भिक्षू रेणुक. पिप्पली म्हणजे विहारात धान्य आणून देणारी उपासिका नंदिका. आणि ज्याला कोणी विचारले नव्हते तो वाटाड्या म्हणजे स्वतः तथागत.

ज्या लाजेने माणूस आपले दुखणे झाकतो ती लाज या कथेत सांगितलेली नाही. आपण दुसऱ्याचे दुखणे पाहून न पाहिल्यासारखे केले, याची जी लाज वाटते आणि जिच्यामुळे तोंड उघडते, ती लज्जा हा या जातकाचा गुण आहे.